सामान आलं, सासूबाईंचं काम मागेच राहिलं

सांगलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. वय ५४, पतसंस्थेत नोकरी. यजमानांचं कापड पेठेत दुकान, मुलगा पुण्यात नोकरीला. अक्षय्य तृतीयेला हे कुटुंब गावभागातलं जुनं दुमजली घर सोडून विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलं. कर्जाच्या हप्त्यातला निम्मा वाटा मुलगा उचलतो. श्रावण निम्मा सरला तरी हॉलच्या एका भिंतीला खोकी लागलेली आहेत आणि "अजून घर लागलं नाही का?" म्हणून यजमान चिडतात. ८१ वर्षांच्या सासूबाई रोज सकाळी वडापनं, म्हणजे सीट भरून जाणाऱ्या गाडीनं, गावभागात जातात, कुलूप काढून बंद घरात दोन-तीन तास बसतात आणि फ्लॅटमधून निघताना म्हणतात, "घरी जाऊन येते." इथलं पाणी त्यांना रुचत नाही, शेजार रुचत नाही. जुन्या घरातलं सागवानी कपाट आणायचा त्यांचा हट्ट आहे. मुलगा म्हणतो, नव्या फ्लॅटमध्ये ते भंगार नको. त्यात गणपती तोंडावर आलेत. सासूबाई म्हणतात, गणपती मूळ घरातच बसेल. यजमान म्हणतात, तिथे आता काय आहे?

ताई विचारतात : आम्ही घाई केली का? आईंना कसं समजवायचं? आणि हे घर एकदाचं लागणार कधी?

*

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे तो डोक्यातून जाईल. घाई झालेली नाही. गावभागात २००५ ला पुराचं पाणी, २०१९ ला पाणी, २०२१ ला परत पाणी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टात तिथे ५७ फुटांच्या वर पाणी गेलं आणि तुमच्या माळ्याच्या खालच्या फळीला टेकलं, असं तुम्हीच लिहिलंय. सोळा वर्षांत तीनदा घरातला गाळ उपसलेल्या, गाद्या रस्त्यावर टाकलेल्या बाईनं घर बदलल्याचा खुलासा कुणालाही द्यायची गरज नाही.

फक्त एक करा. हा मुद्दा सासूबाईंपुढे वापरू नका. पूर काय असतो हे त्यांना तुम्ही काय सांगणार? त्यांना ते पटलेलं आहे, म्हणून तर त्या टेम्पोत बसून तुमच्याबरोबर आल्या. नाही म्हणणारी बाई अक्षय्य तृतीयेलाच नाही म्हणाली असती.

आता दुसरा प्रश्न. तुम्ही धरून चाललाय की आई जुळवून घेत नाहीत, आणि कुणीतरी नीट समजावलं की घेतील. मला तुमच्या पत्रात वेगळंच दिसलं. तुम्ही जाता जाता लिहिलंय की पावसाळ्यात गल्लीतली माणसं तुमच्या सासूबाईंना विचारायला यायची, "काकू, सामान वर चढवायचं का?" कोयनेतून किती पाणी सोडलंय हे कानावर आलं की घाटाच्या कुठल्या पायरीशी पाणी आहे ते बघून त्या अंदाज सांगायच्या, आणि तो बहुधा बरोबर निघायचा. तीन घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असायच्या. दूध त्या मापून घ्यायच्या, गवळ्याशी भांडायच्या, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठं निघालास रे?" विचारायच्या. हे सगळं त्यांचं काम होतं, ताई. पगार नव्हता, म्हणून तुम्हाला ते काम वाटलं नाही.

फ्लॅटमध्ये त्यांचं काय आहे? दुधाची पिशवी मोबाईलवरून सांगितली जाते आणि पहाटे कुणीतरी दाराच्या कडीला अडकवून जातं. बेल वाजली की यजमान आधी फोनमध्ये बघतात. लॅचची किल्ली तुमच्या तिघांकडे आहे, त्यांच्याकडे नाही. तसं तुम्ही लिहिलेलं नाही, पण "आई बाहेर पडल्या की दार उघडायला कुणीतरी घरी लागतं" या तुमच्या वाक्यातून मला ते कळलं. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांपैकी कुठली कुठे ओढायची ते त्यांना सापडत नाही. आणि दिवसातून दहा वेळा ऐकू येतं, "आई, तुम्ही बसा, आता आराम करा." तुम्ही हे मायेनंच म्हणत असणार. पण आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला यातून एवढंच कळतं की आपण इथे पाहुण्या आहोत. पाहुणीनं "घरी जाऊन येते" म्हटलं तर त्यात तिचं चुकलं कुठे?

म्हणून समजवायचं राहू द्या. त्यांना काम द्या, आणि खोटं खोटं नको. शेंगा निवडायला देऊन बसवायचं, असलं तर मुळीच नको. म्हाताऱ्या माणसांना वेळ घालवायला दिलेलं काम लगेच ओळखू येतं.

किल्लीपासून सुरुवात करा. आज संध्याकाळी घरी जाताना एक किल्ली करून न्या, जाड दोऱ्यात ओवून त्यांच्या हातात द्या. मग दुधाचं ते मोबाईलवरचं बंद करा. तुमच्या भागात रतीब घालणारं कुणी ना कुणी असतंच, वॉचमनला विचारा. भाव, माप, खाडे, महिन्याचा हिशेब, सगळं त्यांच्याकडे. पहिल्या आठवड्यात त्या गवळ्याला पाणी घालतोस म्हणून झापतील. झापू द्या.

देवघराचं तुम्ही एका ओळीत उरकलंत. चपलांच्या स्टँडच्या वर भिंतीत बसवलेलं देवघर मुलानं आर्किटेक्टकडून करून घेतलं, "दिसायला छान आहे". दिसायला असेल छान. पण तुमच्या सासूबाई आयुष्यभर पाटावर बसून पूजा करत आल्या आणि आता त्यांनी उभं राहून, हात वर करून, खाली चपला असताना देव पुसायचे? हे उद्याच्या उद्या बदला. हॉलच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात एक चौरंग आणि शेजारी त्यांना बसायला बुटकं स्टूल, एवढंच लागतं. भिंतीतल्या त्या सुंदर कोनाड्यात मुलाची बक्षिसं ठेवा.

भाकरीचंही तसंच. नव्या ओट्यांची उंची उभं राहून काम करणाऱ्यांच्या मापाची असते. बुटक्या बाईला त्यावर परात ठेवून भाकरी थापायची म्हणजे कोपर खांद्याच्या रेषेत येतं आणि चार भाकऱ्यांत हात भरून येतो. "आईंच्या हातच्या भाकरीची सवय आता मोडली" असं तुम्ही लिहिलंय, ती बहुधा ओट्याच्या उंचीनं मोडली असावी. खाली परात ठेवून बसून थापायची सोय करा आणि भाजायला तुम्ही उभ्या राहा. काचेच्या शेगडीवर बिडाचा तवा नीट बसत नसेल तर जुनी स्टीलची शेगडी काढा. ती कुठल्या खोक्यात आहे ते मात्र तुम्हालाच ठाऊक.

रोज गावभागात जाण्याबद्दल. यजमान म्हणतात, बंद करा. मी म्हणते, बंद करू नका, त्याला काही शिस्त लावा. आठवड्यातले दोन-तीन दिवस ठरवा आणि त्या दिवशी तिथे खरंच काही करायचं असेल असं बघा. बंद घराला तरी माणूस लागतंच : दारं-खिडक्या उघडून वारा द्यायचा, कौलातून कुठे गळतंय ते बघायचं, घरपट्टीचं बिल आलंय का ते पाहायचं. जाताना वडापनं एकट्या जाऊ देत. ८१ व्या वर्षी वडापवाल्याशी पैशांवरून बोलू शकणाऱ्या बाईला रिक्षात कोंबून सोबत द्यायची काही गरज नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. पाणी इशारा पातळीच्या, म्हणजे आयर्विनजवळ ४० फुटांच्या दिशेनं चढत असेल त्या दिवसांत जाणं नाही. आणि बंद, ओलसर, नदीकाठच्या घरात साप-विंचू शिरतात, तेव्हा आत पाऊल टाकण्याआधी काठी आपटायची, दिवा लावायचा, मगच बसायचं. हे त्यांना सांगायला गेलात तर त्याच तुम्हाला चार गोष्टी जास्त सांगतील.

एक वेगळी गोष्ट इथेच लिहिते, कारण अशी पत्रं बऱ्याच घरांतून येतात. घर बदललं की वयस्कर माणसं पहिले काही महिने रात्री गोंधळतात. झोपेतून उठल्यावर पाय जुन्या घरातल्या मोरीच्या दिशेनं वळतात आणि समोर भिंत येते. तुमच्या पत्रात "दोनदा पडता पडता वाचल्या" असं आहे. नव्या फरश्या गुळगुळीत असतात, ओल्या झाल्या की जास्तच. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा, कमोडशेजारी आणि नळाशेजारी भिंतीत पक्के दांडे बसवा, बाथरूमबाहेरचं ते घसरणारं पायपुसणं काढून टाका. घर बदलण्याच्या खर्चात हे दांडे कुणी धरत नाही, आणि एकदा खुब्याचं हाड मोडलं की मग मिरजेच्या दवाखान्यांच्या फेऱ्या. आणि हो, रस्ता विसरणं, दिवस-तारीख विसरणं, रोजच्या माणसाचं नाव न आठवणं असं काही होत असेल तर ते घरबदलाच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नका, डॉक्टरांना दाखवा. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला वाटेल.

आता कपाट.

तुम्ही त्याचं वर्णन केलंय : सागवानी, दोन दारांचं, खालच्या खणाच्या एक बोट वर गाळाची करडी रेघ, तिच्यावर दुसरी, आणि अगदी वर, आरशाच्या चौकटीला, तिसरी. तिसरी २०१९ ची. ते तीनही पुरांत उभं राहिलं. त्याच घरात मुलानं पाच वर्षांपूर्वी घेतलेलं भुशाच्या फळीचं वॉर्डरोब २०२१ ला फुगून उकललं, हेही तुम्हीच लिहिलंय, आणि तरी भंगार म्हणताय सागवानी कपाटाला! माझं मत स्पष्ट आहे. ते आणा. सासूबाईंच्या खोलीत ठेवा. रेघा पॉलिश करून घालवू नका, असं मी म्हटलं असतं, पण तोही निर्णय त्यांचाच.

मुलाशी कसं बोलायचं? तो हप्त्याचा निम्मा भार उचलतो ही मोठी गोष्ट आहे, आणि ते त्याला तोंडावर सांगा. पण हप्त्यातला वाटा म्हणजे आजीच्या खोलीत काय ठेवायचं यावरचं मत नव्हे. तो पुण्याहून महिन्यातून एकदा येतो, दोन रात्री राहतो. रोज राहणाऱ्यांचं घर त्याच्या डोळ्यांना शोभावं म्हणून लावायचं नसतं. हे त्याला तुम्ही सांगू नका, त्याच्या वडिलांनी सांगावं. आईनं सांगितलं की ते सासूची बाजू घेणं होतं, बापानं सांगितलं की घराचा निर्णय होतो. हे न्याय्य नाही, पण असंच आहे.

बाकी जुन्या सामानाचं एक लक्षात घ्या. "काय टाकायचं?" असं विचारलंत की उत्तर येणार, "काहीच नाही." "कुणाला द्यायचं?" असं विचारा. पितळी घंगाळ नणंदेला, तांब्याचा बंब भाचीच्या शेतघराला, पाटा-वरवंटा कामाच्या बाईंना हवा असेल तर त्यांना. आणि देताना ते सासूबाईंनी स्वतःच्या हातानं द्यावं, "हे माझ्या लग्नातलं" वगैरे सांगत. एका दिवसात एकच वस्तू. पुरात भिजलेल्या गाद्या, फुगलेल्या फळ्या, बुरशी धरलेली पुस्तकं यांना मात्र कुणी वारस शोधू नका. ती खरंच टाका, त्यांच्यापायी नव्या घरातही कोंदट वास येतो.

तिसरा प्रश्न, घर लागणार कधी. यात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की चार माणसांच्या घराची खोकी एकट्या तुम्ही उघडताय. पतसंस्थेतून सात वाजता घरी, मग स्वयंपाक, मग रात्री साडेदहाला खोकं. आणि चिडतात यजमान. ते दुकान बंद करून आल्यावर रोज एक खोकं उघडायला त्यांना कुणी बंदी केली आहे का? दुकानात हजार ताग्यांतून हवा तो तागा बरोबर काढणाऱ्या माणसाला घरातल्या चादरी कुठल्या फळीवर ठेवायच्या ते जमत नाही, हे मला पटत नाही. "घर लागलं नाही" हे वाक्य ज्यानं उच्चारलं त्यानं लगेच एक खोकं उघडायचं, असा नियम करा. वाक्य तरी थांबेल, नाहीतर खोकी तरी संपतील.

खरं सांगायचं तर रोजचा त्रास खोक्यांचा नसतोच. भिंतीला लागलेलं खोकं कुणाला चावत नाही. त्रास होतो तो आंघोळीनंतर टॉवेल टांगायला खुंटी नसते याचा. मिक्सरजवळ बटण नसतं याचा. ओल्या छत्र्या कुठे ठेवायच्या हे ठरलेलं नसतं याचा. पावसात कपडे वाळत नाहीत आणि गॅलरीत दोरी बांधली तर सोसायटी हरकत घेते याचा. दोन दिवस एक कागद फ्रिजला लावून ठेवा आणि ज्याला जिथे अडलं त्यानं तिथे लिहायचं. मग एका रविवारी ड्रिलवाला बोलवा. खुंट्या, छताला कपड्यांच्या दांड्या, एक जादा पॉइंट, चपलांची जागा. एवढ्यानं निम्मं घर लागतं. उरलेली खोकी दिवाळीच्या साफसफाईला उघडली तरी चालतील, आणि तोवर ज्यातलं काहीच लागलं नाही ते खोकं न उघडता कुणाला द्यायचं तेही तेव्हा बघा. नवं फर्निचर मात्र सहा महिने करू नका. आधी कळू दे की तुम्ही कुठे बसता.

पाण्याबद्दल सासूबाई बरोबर आहेत. बोअरचं पाणी जड असतं. चहाला चव येत नाही, डाळ शिजत नाही, नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो. त्या आयुष्यभर कृष्णेचं पाणी प्यायल्या आहेत, त्यांच्या जिभेला हे कळणारच. बऱ्याच इमारतींत महापालिकेचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत सोडतात. स्वयंपाकघरातल्या एका नळाला फक्त महापालिकेच्या पाण्याची वेगळी लाइन देता येते का, ते सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. तोवर पालिकेचं पाणी यायच्या वेळेला पिण्यापुरतं आणि डाळ-चहापुरतं भरून ठेवायचं. हे कामही कुणाकडे द्यायचं ते मी वेगळं सांगत नाही.

शेजाराचं थोडक्यात. गावभागात दार उघडं असायचं, माणसं आपोआप यायची. फ्लॅटमध्ये दारं बंद असतात, म्हणून आत राहणारी माणसं माणूसघाणी ठरत नाहीत. पण नव्यानं आलेल्यानंच आधी बेल वाजवायची असते. शुक्रवारी हळदीकुंकू करा, मजल्यावरच्या आणि वरच्या-खालच्या बायकांना बोलवा, आणि बोलवायला सासूबाईंना पाठवा. ८१ वर्षांची बाई दारात येऊन "मी वरच्या मजल्यावर राहायला आलेय" म्हणाली की तिला दारातूनच परत पाठवणारं माणूस सांगलीत तरी अजून मला भेटलेलं नाही.

गणपती. त्या दोघांच्या भांडणात मी यजमानांच्या बाजूनं आहे, कारण वेगळं. ते म्हणतात, तिथे आता काय आहे. मी म्हणते, तिथे गणपती बसवला तर दिराकडची माणसं तिथेच जमतील, नैवेद्य डब्यांतून इथून तिथे जाईल, रात्री देवापाशी झोपायला कुणीतरी लागेल, आणि फ्लॅट पुन्हा महिनाभर तुमच्या झोपण्याची जागा होऊन राहील. गणपती यंदा नव्या घरात यावा. पण तो कुठल्या भिंतीला बसवायचा, तोंड कुठे, मखर कसलं, गुरुजी कुठले, दीड दिवस की पाच, हे सासूबाईंनी ठरवायचं आणि दोन्ही दिरांना फोनवर आमंत्रण त्यांनीच द्यायचं. मूळ पुरुषाच्या घरची म्हातारी बोलावतेय म्हटल्यावर ते विश्रामबागेतच येतील. तुमच्याकडे खड्याच्या गौरी असतात असं लिहिलंय. मग तर प्रश्नच मिटला. खडे नदीवरचेच, नेहमीच्या घाटावरून आणा, सासूबाईंबरोबर तुम्ही जा. पाणी चढलेलं असलं तर पायऱ्या उतरू नका, काठावरून मिळतील तेवढे पुरे. त्या दिवशी जुन्या घराचं दार उघडून आत दिवा लावा आणि मग गौरी घेऊन फ्लॅटवर या. यात शास्त्राला काही धक्का लागत असेल तर गुरुजी सांगतील, आणि गुरुजी सहसा यजमानीण बाईंच्या मनासारखंच सांगतात.

जे अजून हलायचे आहेत त्यांच्यासाठी काही गोष्टी, ताईंना आता उपयोग नाही. शक्य असेल तर आषाढ-श्रावणात सामान हलवू नका, टेम्पोवर ताडपत्री असली तरी गादी भिजतेच. मोठ्या कपाटांसाठी लिफ्टच्या दाराचं आणि जिन्याच्या वळणाचं माप आधी घ्या. हमालांशी दर ठरवताना मजला सांगा, नाहीतर दर खाली गेटवर पोचल्यावर ठरतो. फ्रिज उभाच न्या. आडवा न्यावाच लागला तर नव्या घरी काही तास उभा ठेवून मग चालू करा. पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन असेल तर ड्रम घट्ट धरणारे जे बोल्ट ते बसवताना काढले होते, ते परत लावून न्या. बहुतेकांनी ते फेकलेले असतात, ज्यांनी ठेवलेत त्यांना माझा नमस्कार. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी करू नका. पहिल्या रात्रीची वेगळी पिशवी करा : औषधं, चष्मे, चहा-साखर, काडेपेटी, एक चादर, दोन बल्ब, पिण्याचं पाणी. जुन्या आणि नव्या घरच्या वीज मीटरचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर राहायला जायच्या आधी त्यांना नव्या घरी तीन-चारदा न्या. वास्तुशांतीला सजवून नेऊ नका, सुतार काम करत असताना न्या, म्हणजे "इथे फळी खाली घे" असं त्यांना म्हणता येईल.

भाड्यानं जाणाऱ्यांनी अकरा महिन्यांचा करार नोंदवून घ्यावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे, त्यामुळे मागायला संकोच करू नका. तोच करार पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

ताई, तुमच्याकडे शेवटी कागदपत्रं उरली, ती तुम्ही "नंतर बघू" म्हणून टाकलीत. क्रम असा ठेवा. आधी वीज बिल आणि घरपट्टीवर नाव चढवून घ्या. बिल अजून आधीच्या मालकाच्या नावानं येतं असं लिहिलंय, ते महावितरणकडे नावबदलाचा अर्ज केल्याशिवाय बदलणार नाही. अर्ज करताना त्यांची थकबाकी नाही ना, तेही बघा. मग यजमानांचं आधार नव्या पत्त्यावर करा. सासूबाईंच्या नावावर नव्या पत्त्याचा कुठलाच कागद नसणार, पण कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून घरातल्या माणसाचा पत्ता बदलायची सोय आहे. त्यासाठी आधी प्रमुखाचा पत्ता बदललेला हवा, आणि नातं दाखवणारा कागद हवा. गॅस एजन्सी बदलते का ते विचारा. तीच असेल तर फक्त पत्ता बदलतो. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरा, नाहीतर निवडणुकीच्या दिवशी सगळे गावभागातल्या केंद्रावर. सासूबाई त्यावरही खूश होतील, तो भाग वेगळा.

सासूबाईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचं खातं मात्र जुन्याच शाखेत राहू द्या. नोव्हेंबरात हयातीचा दाखला असतो, तेव्हा त्यांना तिकडे जाऊ द्या. तिथला कॅशियर त्यांना काकू म्हणतो, आणि विश्रामबागेतल्या शाखेत टोकन घेऊन बसण्याची त्यांना काही निकड नाही.